ये आणि पाहा : वरोऱ्याच्या माळावर एक दिवस

पक्षी पाहायला जायचे म्हटले की आपल्या वस्तीत लोक हसतात. "कामधंदा नाही वाटते?" असे विचारतात. गळ्यात दुर्बीण अडकवून मोटारीतून फिरणाऱ्यांचा हा शौक, आपला त्याच्याशी काय संबंध, असे आम्हालाही वाटत असे. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या ताडोब्याला वाघ पाहण्यासाठी देशोदेशीचे लोक येतात. पण याच जिल्ह्यात जन्मलेल्या आपल्या कितीतरी मुलांनी त्या फाटकाच्या आतले जंगल पाहिलेले नाही. जिप्सीचे भाडे मजुराच्या खिशाला परवडत नाही. मग जिथे फाटक नाही, तिकीट नाही आणि भाडेही नाही, असा माळ तरी मुलांना दाखवावा, असे आम्ही चार कुटुंबांनी ठरविले.

जानेवारीतला रविवार निवडला. आमच्यातल्या एकाची बहीण वरोऱ्याजवळच्या एका खेड्यात दिली आहे. त्या गावाला लागून माळाचा तुकडा शिल्लक आहे. सकाळी त्रिसरण-पंचशील घेतले, भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी बांधून घेतली आणि पहिल्या एस.टी.ने निघालो. मोठी माणसे नऊ, मुले दहा. दुर्बिणी दोन, त्याही मागून आणलेल्या. मुलांच्या हातात एकेक वही आणि पेन्सिल. "जो पक्षी दिसेल तो लिहायचा. नाव माहीत नसेल तर रंग लिहायचा, चाल लिहायची. ऐकीव काही लिहायचे नाही," एवढीच अट घातली.

टिटवीचा गुन्हा काय?

गावाबाहेर पडलो, वावरांचे धुरे ओलांडले आणि पिवळ्या वाळक्या गवताचा माळ लागला. पाऊल टाकताच "टिटिव्-टीऽव्" असा आरडाओरडा सुरू झाला. पिवळ्या, लांब पायांच्या, डोळ्यांजवळ लाल चामडी असलेल्या दोन टिटव्या डोक्यावर घिरट्या घालू लागल्या. आमच्यातल्या एका आजीने पदर सावरला. "हे रात्री बोंबललं का घरात माणूस मरते म्हन्तेत," त्या पुटपुटल्या.

आठवीतली एक मुलगी लगेच म्हणाली, "आजी, आता तर दिवस आहे. मग आता कायले बोंबलते?"

या प्रश्नाचे उत्तर कोणाच्या पोथीत नव्हते, ते समोर होते. आम्ही सगळे वीस पावले मागे सरकलो आणि गप्प बसलो. टिटवीही गप्प बसली. पुन्हा चार पावले पुढे गेलो, ती पुन्हा ओरडली. टिटवी उघड्या जमिनीवर राहते. तिथेच खड्यांमध्ये खड्यांसारखीच दिसणारी, बहुधा चार, अंडी घालते. झाड नाही, ढोली नाही, घरट्याला भिंत नाही. म्हणून माणूस, कुत्रा, कोल्हा, साप कोणीही जवळ आले की ती ओरडून जोडीदाराला सावध करते. रात्री कोल्हा फिरला की रात्री ओरडते. तिच्या ओरडण्याचा आपल्या घरातल्या मरणाशी काडीचा संबंध नाही. आपली झोप उडते आणि आपण दोष तिला देतो.

टिटवी पाय वर करून झोपते आणि आकाश पेलून धरते, अशीही एक गोष्ट सांगितली जाते. मुलांनी तीही तपासली. टिटवी आमच्यासमोर पाय जमिनीवर ठेवूनच उभी होती आणि आकाश आपल्या जागी होते.

अशीच एक टिटवी जगाच्या पार दुसऱ्या टोकाला, दक्षिण अमेरिकेत आहे. तिथे अर्जेंटिना आणि उरुग्वे या देशांत गवताची अफाट मैदाने आहेत. त्यांना पाम्पा म्हणतात. तिथल्या टिटवीचे नावही तिच्या आवाजावरूनच पडले आहे, 'तेरो'. आणि उरुग्वेने तिला आपला राष्ट्रीय पक्षी मानले आहे! एकाच कुळातला पक्षी, एका देशात मानाचा आणि दुसऱ्या देशात अपशकुनी. पक्ष्यात फरक नाही, माणसाच्या डोक्यात फरक आहे. जन्मावरून कोणाला शुभ आणि कोणाला अशुभ ठरविणाऱ्या व्यवस्थेचा चटका आपल्याइतका कोणाला बसला आहे? तरीही आपल्याच घरात टिटवीला, घुबडाला, पिंगळ्याला आपण अशुभ म्हणतो. हे आपल्याला शोभत नाही.

तथागतांनी आपला धम्म 'एहि पस्सिको' आहे असे सांगितले. म्हणजे ये आणि पाहा. मी सांगतो म्हणून मानू नकोस, स्वतः येऊन तपासून घे. आम्हाला त्या माळावर वाटले, पक्षी पाहणे म्हणजे या दोन शब्दांची शाळाच आहे.

नीलकंठ आणि डोंबारी

विजेच्या तारेवर एक निळा-तपकिरी पक्षी बसला होता. तो खाली झेपावला तेव्हा त्याच्या पंखांतली निळाई पाहून मुलांच्या तोंडून "आहा!" निघाले. हा नीलकंठ, त्याला नीलपंख किंवा चाषही म्हणतात. पलीकडच्या तेलंगणात तो राज्यपक्षी आहे. दसऱ्याला त्याचे दर्शन झाले की वर्ष चांगले जाते, अशी समजूत आहे. काही ठिकाणी तर त्यासाठी पारधी लावून त्याला पकडतात, पंख बांधतात, पिंजऱ्यात घालून दारोदार दाखवितात आणि पैसे घेतात. दर्शन घेणाऱ्याचे वर्ष कसे जाते कोणास ठाऊक, त्या पक्ष्याचे मात्र आयुष्य संपते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने असे पकडणे हा गुन्हा आहे. आपण विजयादशमीला दीक्षाभूमीवर जातो. नीलकंठाला मोकळा उडताना पाहू, आणि तो शेतातले नाकतोडे खातो म्हणून त्याचे आभार मानू, एवढे पुरे.

थोडे पुढे गेलो तर एक चिमणीएवढा पक्षी गवतातून सरळ वर चढला, वरून शिटी वाजवीत दगडासारखा खाली आला, जमिनीला टेकणार तोच पुन्हा वर गेला. पोट काळे, डोक्यावर राखी टोपी. हा चंडोलाच्या कुळातला. आकाशात कोलांट्या खातो म्हणून मराठीत त्याचे नावच 'डोंबारी' आहे. ज्या समाजाला गावाने वेशीबाहेर ठेवले, त्याच्या कसबाचे नाव या इवल्याशा पक्ष्याने जपले आहे. एक मुलगा म्हणाला, "याच्या खाली तर दोरीबी नाही!"

दहा वाजेपर्यंत वह्या भरू लागल्या होत्या. कोतवाल, वेडा राघू, खाटिक, गप्पीदास, तितर, तीरचिमणी, कापशी घार. यांतली बरीचशी नावे आम्हाला पुस्तकातून मिळाली नाहीत. ती त्या गावातल्या मावशींनी सांगितली. त्या आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात निंदण करीत आल्या. लावा कुठे बसतो, तितर कोणत्या वेळी बोलतो, साप निघाला की कोणता पक्षी आधी ओरडतो, हे सगळे त्यांना तोंडपाठ होते. "आमाले कोनी इचारलंच नाई," त्या हसून म्हणाल्या. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यात नोकरी करताना विदर्भाचे रान पायी तुडविले आणि जंगलातल्या माणसांकडून पाखरांची नावे शिकून घेतली. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांच्या पुस्तकांमागे अशा अनेक मावशी आणि काका उभे आहेत. दुर्बीण विकत घ्यावी लागते. नजर मात्र कष्टकऱ्याकडे आधीपासूनच असते.

आजोबांची गोष्ट

अकराच्या सुमारास गवतावरून अगदी खालून एक मोठा पक्षी तरंगत गेला. पंख वर उचललेले, मान खाली, जणू हरवलेली वस्तू शोधतो आहे. हा भोवत्या. मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातून तो दर हिवाळ्यात इथे येतो, माळावरचे टोळ आणि उंदीर खातो आणि उन्हाळा लागताच परत जातो.

"आजोबा, गिधाड?" एका लहानग्याने विचारले.

आमच्याबरोबरचे आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "गिधाडं म्या पाह्यली हायेत. आमी ढोर ओढून न्याचो, तं वरतं शंभर-शंभर फिरे. आमचा आन् त्याईचा वाटा एकच होता."

मुलांना काही कळले नाही. मोठ्यांना सगळे कळले. मेलेली ढोरे ओढण्याचे काम आपल्या पूर्वजांच्या माथी मारले होते. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला ते टाकून द्यायला सांगितले, मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले, आणि आपण ते सोडले. आपण माणूस म्हणून उभे राहिलो. गिधाडाला मात्र दुसरा मार्ग नव्हता. जनावरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसात राहते आणि ते खाल्ल्यावर गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते, हे शास्त्रज्ञांनी शोधून काढले. जनावरांसाठी त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली, पण तोवर देशातली बहुतेक गिधाडे मेली होती. शेजारच्या गडचिरोलीत वनखात्याने उरल्यासुरल्यांसाठी सुरक्षित मांस टाकण्याच्या जागा केल्या. लोक त्यांना गिधाडांची उपाहारगृहे म्हणतात.

आजोबांनी आपल्या मुलांना ढोर ओढण्यापासून सोडविले. आज त्यांचा नातू गिधाड म्हणजे काय हे विचारतो. यातली पहिली गोष्ट आपला विजय आहे. दुसरी कोणाचाच विजय नाही.

पाखरू आधी मरते

माळाच्या कडेला हरभऱ्याचे वावर होते. घाटेअळीसाठी एक तरुण पाठीवर पंप घेऊन फवारणी करीत होता. तोंडाला रुमालही नव्हता, पायात चप्पल होती. आम्ही मुलांना वाऱ्याच्या उलट बाजूला नेले आणि त्याला हाक मारली. तो म्हणाला, "रोजीनं आलो, मालकानं पंप देल्ला, बाकी काई देल्लं नाई."

इथे पुन्हा त्या पाम्पाची आठवण झाली. उत्तर अमेरिकेतला एक शिकारी पक्षी, स्वेन्सनचा बाज, हिवाळ्यात हजारो किलोमीटर उडून अर्जेंटिनाच्या त्या मैदानात जातो आणि टोळ खातो. १९९५-९६ च्या हंगामात तिथल्या शेतात हे बाज हजारोंच्या संख्येने मरून पडले. टोळांवर मोनोक्रोटोफॉस नावाचे कीटकनाशक फवारले होते. शास्त्रज्ञांनी कारण शोधले, गवगवा झाला, आणि पुढे त्या देशाने त्या औषधावर बंदी घातली.

हेच मोनोक्रोटोफॉस आपल्याकडे शेतात फवारले जात राहिले. वर्धा नदीच्या पलीकडे, आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये पऱ्हाटीवर फवारणी करताना शेकडो लोकांना विषबाधा झाली. वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या फवारणीतल्या औषधांमध्ये मोनोक्रोटोफॉसचेही नाव होते. म्हणजे वीस वर्षांपूर्वी परक्या देशात पाखरांनी मरून जो इशारा दिला होता, तो आपल्या मजुरापर्यंत पोचलाच नाही.

म्हणून पक्षी पाहणे हा रिकामा शौक नव्हे. जे विष पाखराला मारते ते उद्या पंप पाठीवर घेणाऱ्याच्या फुप्फुसात जाते. त्या तरुणाला आम्ही आमच्याजवळचा एक मोठा रुमाल दिला. रुमालाने विष थांबत नाही हे आम्हाला ठाऊक आहे. वाऱ्याकडे पाठ करून फवार, पूर्ण बाह्यांचा सदरा घाल, हात साबणाने धुतल्याशिवाय भाकर खाऊ नको, डोके गरगरले तर डबा घेऊनच दवाखान्यात जा, म्हणजे डॉक्टरला औषधाचे नाव कळेल, आणि मालकाकडे हातमोजे, तोंडपट्टी, चष्मा माग, एवढे सांगितले. आपल्या घरातला कोणी फवारणीला जात असेल तर वाचकांनीही त्याला हे सांगावे.

जो दिसला नाही

भाकरी खायला बाभळीखाली बसलो तेव्हा मुलांनी विचारले, "ज्याच्यासाठी आलो तो कुठे आहे?"

तो म्हणजे माळढोक. काही भागांत त्याला हूम म्हणतात. उभा राहिला तर लहान मुलाच्या छातीला लागेल एवढा उंच. नराचे वजन बारा-चौदा किलोपर्यंत जाते. उडणाऱ्या पक्ष्यांत जगातल्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी हा एक. पायाला मागचे बोट नाही, म्हणून झाडावर बसता येत नाही. सारे आयुष्य मोकळ्या जमिनीवर. मादी बहुधा वर्षाला एकच अंडे घालते, तेही उघड्यावर. १९६९ च्या सुमारास देशात १,२६० माळढोक असल्याचा अंदाज होता. आता दीडशेच्या आसपास उरले आहेत आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात. आपल्या राज्याने १९७९ मध्ये सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य केले, तरी महाराष्ट्रात तो जवळजवळ संपल्यातच जमा आहे. त्याचे विदर्भातले शेवटचे ठिकाण म्हणजे हाच वरोरा-भद्रावतीचा पट्टा. अभयारण्यात नव्हे, तर कापूस, तूर, सोयाबीनच्या वावरांत आणि पडितात तो राहत आला.

मावशी म्हणाल्या, "म्या पाह्यला हाये. तुरीत उभा होता, मानसावानी. पन लय वर्सं झाली."

आम्हाला तो दिसला नाही. मुलांनी वहीत तसेच लिहिले : "माळढोक – दिसला नाही." न दिसलेले दिसले म्हणून लिहू नये, ही त्या दिवसाची अट होती.

तो का संपला? एक कारण त्या तारा. माळढोकाला समोरचे नीट दिसत नाही. त्याची नजर बाजूला आणि खाली असते. जड शरीर वेळेवर वळत नाही आणि तो विजेच्या तारांवर आपटतो. पण मोठे कारण आहे माळ संपण्याचे. सरकारी कागदात अशा जमिनीला 'पडीक' म्हणतात. पडीक म्हणजे निरुपयोगी. मग तिच्यावर काहीही करावे. खाण काढावी, कारखाना टाकावा, नाही तर एकाच जातीची झाडे लावून तिला जंगल म्हणावे. ज्याला निरुपयोगी म्हटले त्याचे काहीही करायला मोकळीक मिळते, हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको.

इथे एक प्रामाणिक प्रश्न उभा राहतो. हीच पडीक जमीन, हेच गायरान भूमिहीनांना मिळावे म्हणून कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९६४ च्या डिसेंबरात देशभर सत्याग्रह झाला; लाखो लोक तुरुंगात गेले. मग आता आपण पाखरासाठी माळ राखा म्हणायचे काय? आमच्यात यावरून बाभळीखाली चांगलाच वाद झाला. आमच्यातल्या दोघांची चूल कोळसा खाणीवर पेटते, तेही बोलले. शेवटी आजोबा म्हणाले ते सर्वांना पटले : गायरान पोटासाठी कसणाऱ्या दोन एकरवाल्याने माळढोक संपविला नाही. त्याच्या तुरीत तर माळढोक उभा राहत होता. गरिबाचा दोन एकरांचा हक्क आणि पाखराचा माळ यांचे भांडण लावून देणारे वेगळे आणि दोघांची जमीन नेणारे वेगळे. आपण या भांडणात पडू नये.

विजासनच्या टेकडीवर

दुपारी भद्रावतीला आलो आणि विजासनच्या लेण्यांत गेलो. टेकडीच्या पोटात कोरलेली लांब अंधारी दालने आणि टोकाला बसलेली बुद्धमूर्ती. मुले दिवसभर ओरडली होती, तिथे आपोआप शांत झाली. वंदना झाली.

तिथे बसून मुलांना देवटेकच्या दगडाची गोष्ट सांगितली. आपल्याच जिल्ह्यात नागभीडजवळ देवटेक येथे एक शिळा सापडली. तिच्यावर अशोकाच्या काळातल्या ब्राह्मी अक्षरांत, सव्वादोन हजार वर्षांपूर्वीची, एक आज्ञा कोरलेली आहे : प्राणी पकडू नयेत, मारू नयेत, आणि जो मोडील त्याला शिक्षा. पुढे त्याच शिळेवर एका वाकाटक राजाचा लेख कोरला गेला. ही शिळा नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजबबंगल्यात नेण्यात आली. सम्राट अशोकाने तर आपल्या एका स्तंभलेखात राघू, मैना, चक्रवाक, हंस अशी अभय दिलेल्या पाखरांची यादीच दिली आहे. पाखरे वाचवा हे आपल्याला आज कोणी शहरातल्या साहेबांनी शिकविलेले नाही. ते आपल्या जिल्ह्याच्या दगडावर लिहिलेले होते.

मग राजपुत्र सिद्धार्थ आणि देवदत्त यांची गोष्ट निघाली. ती सर्व मुलांना पाठ आहे. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथातही ती आहे. देवदत्ताने बाण मारून पक्षी पाडला, सिद्धार्थाने बाण काढून त्याला जगविले. पक्षी कोणाचा? मारणाऱ्याचा की वाचविणाऱ्याचा? न्याय वाचविणाऱ्याच्या बाजूने झाला. आठवीतल्या त्या मुलीने विचारले, "मग माळ कोणाचा?" कोणी उत्तर दिले नाही. देण्याची गरजही नव्हती.

परतीच्या एस.टी.त वह्या मोजल्या. एकतीस जाती झाल्या होत्या. आजी खिडकीशी बसल्या होत्या. अंधार पडता पडता रस्त्याकडेच्या शेतातून टिटवीचा आवाज आला. त्यांनी पदर सावरला नाही. शेजारच्या मुलाला म्हणाल्या, "कोल्हं आलं असन तिच्या पिलाईजवळ."

वाचक बंधू-भगिनींनो, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपूरच्या भूमीवर आपल्या लोकांना धम्मदीक्षा दिली. त्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी ऑक्टोबरात मुलाबाळांसह चंद्रपूरला जातो. कधी एक दिवस जास्त काढा. गावाबाहेरचा माळ, तलाव, नाल्याचा काठ, जे जवळ असेल तिथे मुलांना न्या. दुर्बीण नसली तरी चालेल, वही पाहिजे. तारीख, जागा, पक्षी, किती, एवढे लिहा. घरट्याला हात लावू नका, अंड्यांचे ठिकाण चारचौघांत सांगू नका. आम्हीही म्हणूनच त्या गावाचे नाव इथे लिहिलेले नाही. गोफण आणि गुलेर घरी ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सोबत न्या आणि त्याला विचारा, कारण त्याला कोणी विचारलेले नसते. आणि कोणी काही ऐकीव सांगितले तर मुलांना दोनच शब्द सांगा : ये आणि पाहा.

भवतु सब्ब मंगलम्. जयभीम!